नेट कोण खातंय, हे विचारण्याआधी

चौघी मिळून घर भाड्याने घेतलं तेव्हा खोल्या, साफसफाई, बिलं, सगळ्यावर बोलणं झालं होतं. नेटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक कनेक्शन घ्यायचं, बिलाचे चार भाग करायचे, विषय संपला. पुढे त्यावरून जे घडलं त्यात मी चुकीचं वागले, म्हणून हे लिहितेय.

दोन महिन्यांपूर्वी माझी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. समोरच्या बाईंना माझा आवाज तुटत तुटत ऐकू जात होता. त्यांचं बोलणं संपलं असं वाटून मी उत्तर द्यायला लागायचे, तर त्या अजून बोलतच असायच्या. दहा मिनिटांनी "आपण पुन्हा कधीतरी बोलू" म्हणून त्यांनी कॉल संपवला. ते पुन्हा कधी आलंच नाही. बाहेर येऊन पाहिलं तर शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर अपलोड चालू. ती व्हिडिओ एडिटिंग करते, मोठमोठ्या फायली पाठवते. "ही सगळं नेट खाते" हे आमच्यात आधीपासून बोललं जायचं, तिच्या पाठीमागे.

मी तिला काही बोलले नाही. राउटरचा पासवर्ड माझ्याकडे होता. त्याच रात्री तिच्या लॅपटॉपला वेगाची मर्यादा लावून टाकली, तिला न सांगता. मग दहा दिवस ती म्हणत राहिली की माझ्या मशीनला काहीतरी झालंय. एक रात्र जागून तिने सगळा डेटा काढून ठेवला आणि लॅपटॉप फॉरमॅट केला. सकाळी तिचे लाल डोळे बघून मला सांगावंच लागलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, मला म्हणाली असतीस तर मी रात्री पाठवलं असतं."

यावर माझं मत आता पक्कं आहे. राउटरची चावी एकीच्या हातात असणं आणि तिने ती गुपचूप फिरवणं, हे एकत्र राहण्यात बसत नाही. बिलाचा चौथा हिस्सा ती भरत होती. 'नेट खाणाऱ्याला ब्लॉक करून टाक' असा सल्ला लोक सहज देतात, मलाही दोघातिघांनी दिला होता. त्या सल्ल्यात कुणीच काही मोजलेलं नसतं. मीही मोजलं नव्हतं.

पुढच्या रविवारी चौघी एकत्र बसलो आणि मोजलं. आमचा प्लॅन डाउनलोडला सेकंदाला १०० मेगाबिट आणि अपलोडला फक्त १०. हा अपलोडचा आकडा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता, कारण जाहिरातीत मोठा आकडा डाउनलोडचाच असतो. एका लॅपटॉपला केबल लावून पिंग, म्हणजे छोटासा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघितलं. घरात काही चालू नसताना १८ मिलिसेकंद. तिने अपलोड सुरू केलं आणि पिंग ९०० च्या वर गेलं. बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आमचा उशीर त्याच्या कितीतरी पट होता, आणि जवळजवळ सगळा जाण्याच्या वाटेवर. मुलाखतीत मी सारखी त्या बाईंच्या बोलण्यात का शिरत होते, ते तेव्हा समजलं.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण बहुतेक घरांतली भांडणं याच्यावरूनच होत असावीत असं मला वाटतं. नेटवर जाणारा डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो. बाहेरची लाइन ज्या डब्याला जोडलेली असते त्या मोडेममध्ये या पॅकेटची रांग लागते. मोठं अपलोड ती रांग काठोकाठ भरून ठेवतं. माझ्या आवाजाचं इवलंसं पॅकेट येतं आणि त्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभं राहतं. व्हिडिओ कॉलला साधारण १ ते ४ मेगाबिट पुरतात. आमच्याकडे तेवढे होते, पण वेळेवर मिळत नव्हते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्यांना घरच्याच कनेक्शनवरून मोठ्या फायली पाठवताना हाच उशीर दिसला, आणि त्यांनी त्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. उपायही निघाला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी रांग आखूड ठेवण्याची 'कोडेल' ही पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली 'एफक्यू-कोडेल' आज बऱ्याच राउटरमध्ये असते. सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असं काहीतरी दिसतं. त्यात वेगाचा आकडा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायचा, म्हणजे रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते आणि ती कशी हलवायची ते राउटर ठरवतो.

आम्ही अपलोडचा आकडा ८.५ ठेवला. तिच्या ४० जीबीच्या फायलीला पूर्वी जवळपास ९ तास लागायचे, आता साडेदहा लागतात. आणि ती फाइल जात असताना माझं पिंग ३० च्या आसपास राहतं. तिच्या दीड तासाच्या बदल्यात घरातल्या चौघींचे कॉल नीट चालतात. हा सौदा तिने हसत मान्य केला. मी महिनाभर आधी विचारलं असतं तर तेव्हाही केला असता.

मोजताना अजून एक कळलं. तिचा लॅपटॉप बंद असतानाही पिंग मध्येच उसळी मारत होतं. शोधलं तर आमच्यातली तिसरी, जी फक्त मेल बघते आणि वाचत बसते, तिच्या लॅपटॉपचा क्लाउड बॅकअप पाठीमागे सतत चालू होता. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी माझा आवाज नेमका कुणामुळे तुटला, हे आता कधीच कळणार नाही. मी मात्र निकाल लावून शिक्षाही देऊन मोकळी झाले होते.

मोठा प्लॅन घ्या, हाही सल्ला मिळतो. घ्यायच्या आधी अपलोड किती वाढतंय ते बघा. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिट सांगतं. चौघींनी एकाच वेळी लावलं तरी ६० होतात, म्हणजे आमचं डाउनलोड कधी अपुरं नव्हतंच. आणि चौथीच्या खोलीत नेट रडायचं त्याचं कारण निराळंच, मधल्या भिंती आणि लांबचा राउटर. तो मधल्या जागेत आणला, एडिटिंगवाल्या लॅपटॉपला केबल दिली, चौथीचंही काम भागलं.

पण राउटर सगळं सोडवेल असं मानू नका. ज्या व्हॅन जेकबसनचं नाव वर आलं, त्यांनीच १९८६ साली पाहिलं होतं की जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. गर्दी होतेय हे लक्षात न घेता प्रत्येक मशीन हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होतं. त्यानंतर मशीनना गर्दीत मागे सरायला शिकवलं गेलं, आणि इंटरनेट आजही त्याच सवयीवर चालतं. मात्र ही सवय प्रत्येक जोडणीपुरती, म्हणजे दोन मशीनमधल्या एकेका संवादापुरती आहे. टॉरेंट, म्हणजे अनेक मशीनकडून एकदम फायली घेणारा प्रोग्राम, एकाच वेळी कितीतरी जोडण्या उघडतं आणि त्या सगळ्यांचा वाटा घेऊन जातं. 'केक' नावाची पद्धत जोडण्यांऐवजी उपकरणांमध्ये वाटणी करू शकते, ते चांगलंच आहे. तरी जिच्याकडे तीन उपकरणं आहेत तिला तीन वाटे. माणूस कोण आणि कुणाचं काम आत्ता अडलंय, हे कुठल्याच राउटरला दिसत नाही. ते एकमेकींना विचारूनच कळतं.

आम्ही ठरवलं ते थोडकंच आहे. महत्त्वाचा कॉल असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ टाकायची. मोठं अपलोड, बॅकअप, गेमचे अपडेट रात्री १२ नंतर. राउटरचा पासवर्ड चौघींकडे, आणि कुणी काही बदललं तर ते लगेच ग्रुपवर लिहायचं. कोण कुठल्या साइटवर गेली ते राउटरमध्ये कुणी बघायचं नाही. हे शेवटचं मी सुचवलं, कारण त्या दहा दिवसांत मी तेही एकदा उघडून पाहिलं होतं. तेही सांगून टाकलं. मर्यादा लावायचीच वेळ आली तर चौघींसमोर, जिला लावायची तिला सांगून.

तिच्या लॅपटॉपवरची मर्यादा मी काढली तेव्हा ती शेजारी येऊन बसली होती. झालं, असं म्हटल्यावर तिने माझ्या हातून माउस घेतला आणि आकडा स्वतः बघून खात्री केली. मी काही बोलले नाही.