बांबोळीच्या टॉवरला फुकटचं श्रेय

गोवा मुक्तिदिन जवळ आला की एक पोस्ट फिरायला लागते. सड्यावरच्या रेडिओ टॉवरचा फोटो आणि खाली मजकूर: 'बांबोळीच्या याच टॉवरवरून गोव्याचा गुप्त रेडिओ चालायचा. पोर्तुगीजांनी बॉम्ब टाकून तो बंद पाडला. मुक्तीची बातमीही इथूनच दिली गेली.' तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

गुप्त रेडिओ म्हणजे 'गोंयचे सोडवणेचो आवाज', म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज. तो 25 नोव्हेंबर 1955 रोजी सुरू झाला, तोही गोव्याबाहेर, आंबोलीच्या रानात. पुढे मुक्काम हलला कॅसलरॉकला. ट्रकमध्ये बसवलेला ट्रान्समीटर आणि तो चालवणारे वामन सरदेसाई व लिबिया लोबो. बातम्या जमवायच्या, लिहायच्या, कोकणी आणि पोर्तुगीजमधून वाचायच्या. बांबोळीत होतं ते पोर्तुगीज सरकारचं बिनतारी केंद्र. पणजीच्या उशाशी, सरकारी कुंपणात बसून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याविरुद्ध कोण बोलणार होतं?

यावर हमखास विचारलं जातं, 'टॉवर नव्हता तर आवाज पोचला कसा?' प्रश्न रास्त आहे, पण रेडिओला उंची लागतेच असं नाही. अँटेना लहरीच्या मापाची लागते. आकाशवाणी पणजीच्या 1287 किलोहर्ट्झची एक लहर सुमारे 233 मीटर लांब. अशा मध्यम लहरींसाठी (मीडियम वेव्ह) लोखंडी मनोराच अँटेना असतो आणि पाव लहरीचा म्हटला तरी तो 58 मीटर होतो. लघुलहरींचं (शॉर्ट वेव्ह) गणित वेगळं. 25 मीटरच्या लहरीला अर्ध्या लहरीची, म्हणजे साडेबारा मीटरची तार पुरते. ती दोन झाडांना बांधता येते आणि पहाटे गुंडाळून निघताही येतं. वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणारी लहर घाटही ओलांडते. लपून बोलणाऱ्याला टॉवर म्हणजे नसती आफत. शत्रूला लांबून दिसणार.

बॉम्बचं तर पार उलटं केलंय. 18 डिसेंबर 1961 ला बांबोळीच्या केंद्रावर हल्ला केला तो भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी. आपला रेडिओ तिथे असता तर आपलीच विमानं त्यावर कशाला तुटून पडली असती?

उरली मुक्तीची बातमी. 19 डिसेंबरला वामन आणि लिबिया यांनी ती विमानातून, लाऊडस्पीकरवरून गोव्याला ऐकवली. लिबियाबाईंना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पोस्टमध्ये टॉवरचा फोटो आहे, त्यांचं नावसुद्धा नाही.