‘रिमॅन स्टेअरिंग बॉक्स आला की डायरेक्ट बसवा’ हा मेसेज वाचून गाडीला हात लावू नका

गेले काही दिवस गाडीवाल्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय, मला पण तीन-चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की रिमॅन (जुना खोलून परत बनवलेला) पॉवर स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे ऑइलच्या प्रेशरने चाकं वळवणारा गिअरबॉक्स, टेस्ट होऊनच येतो, तो नवाच समजा, मापत बसू नका, जुना काढा हा लावा, ऑइल टाका आणि दोन तासात गाडी लोडला लावा. पुढे असंही लिहिलंय की लीक नाही म्हणजे बॉक्स ओके, एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) आपोआप निघते, आणि नंतर प्ले (स्टेअरिंगचा ढिलेपणा) वाटला तर वरचा स्क्रू थोडा आवळा. हे वाचून खरंच डोकं गरम झालं, कारण सातारा-पुणे हायवेवरचा खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावरचं ते एस वळण ज्याने भरल्या गाडीने घेतलंय त्याला माहितीये की तिथे स्टेअरिंग अर्धा सेकंद जरी अडकलं तरी ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिली गोष्ट, रिमॅन म्हणजे नवा, हे. रिमॅन म्हणजे बॉक्स पूर्ण खोलून, झिजलेले पार्ट बदलून, मापात बसवून, बेंचवर (टेस्टिंगच्या टेबल-मशीनवर) प्रेशर देऊन टेस्ट केलेला. पण बाजारात नुसतं सील किट (नवी रबरी सीलं) टाकून काळा रंग मारलेला बॉक्स पण त्याच नावाने विकला जातो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच चकाचक दिसतात. रंगाखाली बॉडीचा क्रॅक लपतो, बोल्टच्या लग्सजवळ (बोल्ट बसतात त्या कानांजवळ) तर हमखास, त्यामुळे टॉर्च मारून तिथे आणि पोर्टच्या (ऑइल पाइप जोडायच्या भोकाच्या) तोंडाशी नीट बघा. ॲक्सिडेंट गाडीतला बॉक्स असेल तर सेक्टर शाफ्टचे (चाकांकडे जोर देणाऱ्या खालच्या शाफ्टचे) स्प्लाइन, म्हणजे त्यावरचे उभे दात, पीळ पडल्यासारखे वाकडे दिसतात, असा बॉक्स फुकट दिला तरी घेऊ नका.

आता ‘टेस्ट होऊन येतो’ याचं. मान्य, चांगल्या ठिकाणाहून घेतला तर येतो. पण तो टेस्ट होतो बेंचवर, बेंचच्या पंपावर आणि बेंचच्या स्वच्छ ऑइलवर, तुमच्या गाडीवर नाही ना. तो तुमच्याच गाडीचा आहे का हे बेंच सांगत नाही. जुना बॉक्स भंगारवाल्याला देऊ नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. टॅगवरचा पार्ट नंबर, इनपुट शाफ्टचे (स्टेअरिंगकडून येणाऱ्या शाफ्टचे) स्प्लाइन, सेक्टर शाफ्टची जाडी, पोर्ट कुठल्या बाजूला, त्याचे आटे, माउंटिंगची भोकं, सगळं जुळलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिरण्याची दिशा. पोर्टचे प्लग जरा सैल करून खाली ट्रे ठेवा, इनपुट शाफ्ट हाताने अर्धा फेरा उजवीकडे फिरवा आणि सेक्टर शाफ्ट कुठल्या बाजूला जातोय ते जुन्याशी ताडून बघा. दिसायला डिट्टो सारखा पण आतला वर्म (आट्यांचा स्क्रू) उलट्या आट्याचा, असे बॉक्स असतात, आणि तो बसवला तर स्टेअरिंग डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जाते. हे गॅरेजमध्ये कळलं तर एक दिवस वाया जातो, रस्त्यावर कळलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

इथे एक सांगून ठेवतो कारण बरेच चांगले मिस्त्री पण यात चुकतात. सेंटर (बॉक्सचा बरोबर मध्य) काढायचं म्हणून बॉक्स टेबलावरच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजतात. पण बऱ्याच बॉक्समध्ये आत लिमिट व्हॉल्व्ह असतात, चाक एक्सलच्या स्टॉपर बोल्टला टेकायच्या जरा आधी ते प्रेशर सोडतात म्हणजे पंपावर आणि लिंकेजवर (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांवर) ताण येत नाही, आणि काही मॉडेलमध्ये ते पहिल्यांदा फुल लॉक मारला (स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं) की स्वतःच सेट होतात. असा बॉक्स टेबलावर शेवटपर्यंत फिरवला की ते चुकीच्या जागी सेट होऊन बसतात. म्हणून सेंटर मार्कवरूनच धरा, शाफ्टवर आणि बॉडीवर खूण असते, रंगात बुजली असेल तर खरवडून काढा.

सेंटरला एवढं महत्त्व का, तर बॉक्स बरोबर मध्यावर असताना आतले दात सगळ्यात घट्ट बसलेले असतात, सरळ रस्त्यावर गाडी धरून राहते ती त्याच्यामुळे. चाकं सरळ, बॉक्स सेंटरला, आणि मग ड्रॉप आर्म (सेक्टर शाफ्टवर बसणारा, लिंकेज हलवणारा दांडा) खुणेवर. ड्रॉप आर्म एक दात जरी मागेपुढे बसला तर गाडी सरळ चालताना बॉक्स सैल भागात काम करतो, गाडी हायवेवर डुलते, एका बाजूला जास्त वळते दुसरीकडे कमी, आणि मग शिव्या रिमॅनवाल्याला. आणि हो, ड्रॉप आर्म काढताना-बसवताना घण मारायचा नाही, पुलर वापरा. तो धक्का थेट आतल्या बेअरिंगला आणि बॉल फिरतात त्या गल्ल्यांना बसतो.

‘ऑइल टाका आणि निघा’ हे तर सगळ्यात वाईट, सगळ्यात जास्त बॉक्स यानेच मरतात. जुना बॉक्स खराब झाला म्हणजे त्याचा लोखंडी चुरा गेला कुठे? होज पाइपात, टाकीच्या तळाला, फिल्टरमध्ये. इंजिन चालू केलं की पंप तोच चुरा नव्या बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये ढकलतो, आणि त्या व्हॉल्व्हची फट केसापेक्षा बारीक असते. आमच्या एका गाडीला रिमॅन बॉक्स टाकला, दोन आठवड्यात एका बाजूला जड झाला, दुकानदार म्हणाला तुमची चूक, आम्ही म्हणालो तुमची, शेवटी खोलल्यावर व्हॉल्व्हमध्ये आमच्याच जुन्या बॉक्सचा चुरा निघाला, पैसे गेले आणि गाडी चार दिवस उभी ती वेगळीच. तेव्हापासून टाकी खोलून धुवायची, फिल्टर नवा, रिटर्न पाइप बादलीत सोडून स्वच्छ ऑइल येईपर्यंत फ्लश करायचं, आतून सोललेला होज फेकून द्यायचा. बॉक्सच्या पोर्टचे प्लग होज जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा नको, सील फुगून खराब होतात.

एअर आपोआप निघत नाही. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, टाकी भरा, इंजिन आयडलवर ठेवा, स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवा, टाकीत फेस दिसतोय तोवर एअर आहे, ऑइल खाली जाईल तसं भरत राहा नाहीतर पंप परत हवा ओढतो. वर सांगितलेला ऑटो लिमिटवाला बॉक्स असेल तर एअर काढताना पण फुल लॉक नको, आधी एअर, मग कंपनीने सांगितलंय त्या पद्धतीने एकदाच सेटिंग.

लीक नाही म्हणजे ओके, हे पण अर्धवट. स्टेअरिंग न फिरवता उभ्या गाडीत लीक नसणारच. ट्रकच्या टायरमध्ये हवा साधारण ८ बार असते आणि स्टेअरिंग लाइनमध्ये जोर लावून वळवताना १०० बारच्या वर प्रेशर जातं. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) अडकला असेल तर कितीही चांगला बॉक्स सील उडवणारच, म्हणून गेज लावून पंप आधी तपासा. आणि त्याही आधी, जुना बॉक्स खरंच गेलाय का ते बघा. एकाला स्टेअरिंग हलवायला लावा आणि खाली झोपून ड्रॅग लिंकचे (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) बघा, निम्म्या वेळा प्ले तिथेच सापडतो आणि बॉक्सचे पैसे वाचतात.

राहिला तो वरचा स्क्रू. तो फक्त मध्यावरच्या दातांची पकड ठरवतो, लिंकेजचा प्ले त्याने जात नाही. रिमॅनवाल्याने तो मापात लावून लॉक केलेला असतो. गाडीवर अंदाजाने आवळला की मध्यावर बॉक्स जड होतो, वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही, पुढच्या एक्सलवर ६-७ टन असताना ड्रायव्हरला ते ओढून आणावं लागतं. त्याला हात लावू नका. त्याऐवजी पहिली फेरी मारून आल्यावर माउंटिंग बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट आणि इनपुट शाफ्टचा पिंच बोल्ट (जोड आवळून धरणारा) टॉर्क रेंचने परत चेक करा, पिंच बोल्ट शाफ्टच्या खाचेत बसलाय का ते बोट लावून बघा, आणि मार्करने नटावर रेघ मारून ठेवा म्हणजे तो फिरला तर ड्रायव्हरला सकाळी लगेच दिसेल.