दोन आण, एक घरात राहू दे

आमच्या बाबांनी मला आयुष्यात कसं वागावं, माणसं कशी ओळखावी, पैसा कसा वाढवावा याबद्दल आजवर एक अक्षर सांगितलेलं नाही. त्यांचा उपदेश सगळा वस्तूंबद्दल. लग्नानंतर आठवड्याने त्यांनी मला गॅलरीत बोलावलं, दोन मिनिटं नुसतेच उभे राहिले, घसा खाकरला, मला वाटलं आता काहीतरी जबरी येणार आणि आपले डोळे वगैरे भरून येणार, तर म्हणाले, "मॅरेज सर्टिफिकेट आलं की दहा झेरॉक्स काढून ठेव. ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही." झालं. आत जाऊन झोपले. (वाईट हे की त्या दहाच्या दहा लागल्या.)

या सगळ्याचं मूळ त्यांच्या बजाज चेतकमध्ये आहे असं माझं मत. नंबर लावून काही वर्षं वाट बघून मिळालेली गाडी, त्यामुळे घरात ती माझ्याआधी आली आणि लाडही तिचेच जास्त. सकाळी ती सुरू झाली नाही की तिला एका अंगावर तिरकी करायची, चोक द्यायचा आणि किक मारत सुटायचं. बहुतेक वेळा व्हायची सुरू. त्यावरून बाबांनी असा नियम काढला की बंद पडलेली कुठलीही वस्तू आधी तिरकी करून बघावी. मिक्सर, रिमोट, आजीचं श्रवणयंत्र. लॉकडाऊनमध्ये मीटिंग चालू असताना माझा लॅपटॉप हँग झाला तर मागून आवाज, "तिरका कर, तिरका कर!" माझा चेहरा स्क्रीनवर गोठलेला होता, आवाज मात्र अख्ख्या टीमला व्यवस्थित गेला.

तर गेल्या महिन्यात आमच्या बाथरूमचा नळ ठिबकायला लागला. मी वडगावला राहतो, आईबाबा सदाशिव पेठेत, म्हणजे फार लांब नाही पण सिंहगड रोडवरून संध्याकाळी निघालं तर परदेशच. रात्रभर खाली बादली ठेवली, सकाळी अर्धी भरलेली. बायको म्हणाली प्लंबरला फोन कर. माझ्याकडून सवयीने बाबांना लागला.

"वॉशर गेलाय. प्लंबर बिंबर नको, पाच रुपयांच्या वॉशरला पाचशे घेईल. नळ खोल, जुना वॉशर खिशात टाक आणि बोहरी आळीत जा. नमुना घेतल्याशिवाय हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढायची नाही. बसवताना हलक्या हाताने आवळ. आणि दोन आण, एक घरात राहू दे. आणि मेन व्हॉल्व बंद करायच्या आधी सगळं पाणी भरून ठेव."

सगळं म्हणजे सगळं. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, तेव्हा बाबा ७ वर्षांचे होते. आधी पेठांमधून नदी फिरली आणि मग त्याच गावाला प्यायला पाणी नाही. तेव्हापासून आमच्या घरात वॉशर बदलायचा असला तरी पातेली, कुकर, वाट्या, फुलपात्री, सगळं भरतात. मीही भरलं. आमटी कशात करायची हा प्रश्न बायकोने विचारला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

नळ खोलताना पान्हा दोनदा सटकला आणि एकदा माझ्या अंगठ्यावर आला. आटे गंजून धरलेले. शेवटी वॉशर निघाला, एवढासा, नखाएवढा, मधोमध गोल खळी पडलेली, कडेला तडा, बोटाला काळं लागत होतं. यासाठी मी शनिवारची सुट्टी घालवतोय हे बघून वाईट वाटलं. रुमालात बांधून खिशात टाकला.

तेवढ्यात परत फोन. "आज ३१ तारीख. पी-१ च्या पाटीखाली लाव गाडी. ३१ पण विषम आणि १ पण विषम, उद्यापर्यंत हलवायला नको." मला वॉशर आणायचा होता, रविवार पेठेत मुक्काम करायचा नव्हता. पण सम-विषम पार्किंगमधली (विषम तारखेला पी-१ ची बाजू, सम तारखेला पी-२ ची) ही एवढी एक गंमत बाबांना सापडलेली आहे आणि ३१ चा महिना आला की ती ते कोणाला ना कोणाला ऐकवतातच.

बोहरी आळीत पी-१ च्या बाजूला टाचणी घुसवायला जागा नव्हती. समोर पी-२ च्या पाटीखाली मोकळं. पाच मिनिटांचं काम म्हणून लावली.

दुकानात नमुना काढून ठेवला तर मालक खूश झाले, म्हणाले, "वा! लोक नुसते येतात आणि म्हणतात नळाचं ते काळं द्या." मग विचारलं, किती? आता इथे माझ्या डोळ्यांसमोर बाबांचं कपाट आलं. श्रीखंडाचे रिकामे डबे, त्यात 'घरात राहू दे' म्हणून राहिलेल्या वस्तू, चुकाखिळे, फ्यूजची तार, कुठल्या टेबलाचे माहीत नाहीत असे स्क्रू, चेतक विकून पंधरा वर्षं झाली तरी तिचा एक स्पार्क प्लग. माझं वय ४२. म्हटलं आज नाही.

"एक."

"एकच?"

"एकच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चुकलं कुठेतरी एवढं कळलं, पण काय ते कळेना. बाहेर आलो तर गाडी नाही. पानवाला म्हणाला, टेम्पो आत्ताच गेला की. पुढचं काही सांगत नाही, पण तेवढ्या दंडात मी पूर्ण सोसायटीचे वॉशर बदलले असते.

घरी येऊन वॉशर बसवला. बरोब्बर बसला. थेंब बंद. मग दंडाचा राग की काय, मी पान्ह्याने आणखी एक आटा दिला. आत कट्ट झालं. आता नळ ठिबकत नव्हता, वाहत होता. परत मेन व्हॉल्व बंद.

बाबांना फोन लावला तर आईने उचलला. ऐकून घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला. "अरे त्यांना काय विचारतोस? वीस वर्षं झाली, हे नळ खोलून ठेवतात आणि मी मंडईत गेले की प्लंबरला बोलावतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. नंबर घे, आणि मी दिला म्हणून सांगू नकोस."

प्लंबर तासाभरात आले. ओट्यावरच्या पाणी भरलेल्या वाट्या बघून थबकले.

"सदाशिव पेठेतल्या काकांचे चिरंजीव ना?"

"हो."

"मग द्या वॉशर."

"तुटला ना तो."

"तो नव्हे, दुसरा. काका नेहमी दोन आणतात, एक त्यांच्या हातून तुटायला आणि एक मला."

म्हटलं, एकच आणला. त्यांनी माझ्याकडे त्या दुकानदारासारखंच बघितलं.