दहापट आले कुठून?

"मागची तीन वर्षं आयकर रिटर्न भरलेल्या माणसाचा अपघातात मृत्यू झाला, तर सरासरी उत्पन्नाच्या दहापट रक्कम सरकारला द्यावीच लागते. मोटार कायदा १९८८, कलम १६६. उत्पन्न ४, ५ आणि ६ लाख असेल तर सरासरी ५, म्हणजे ५० लाख. माहीत नसल्यामुळं कुणी मागत नाही. सगळ्या ग्रुपवर टाका."

सेलूत माझं रिटर्न भरायचं दुकान आहे. वर्षाकाठी चार जण तरी हा मेसेज काउंटरवर मोबाईल ठेवून दाखवतात, मी हसून सोडून देतो. यंदा मात्र माझ्या मामेभावाची बायको तो छापून, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आली. "भाऊजी, हापिसाच्या तीन चकरा झाल्या, फॉर्मच देईना गेलेत. ह्यांचं रिटर्न मागच्या तारखेत भरून देता का?" दादा रात्री पाथरी रोडवर उभ्या उसाच्या ट्रॉलीवर धडकून गेला, त्याला साडेचार महिने झाले होते. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

फॉर्म देतील कुठून? असा फॉर्मच नाही. कलम १६६ खरं आहे, पण त्यात सरकारनं पैसे द्यावेत असं कुठंही लिहिलेलं नाही. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कुणी आणि कुठं करायचा, ते त्यात आहे. पैसे भरायचे ते चूक असलेल्या गाडीच्या विमा कंपनीनं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्यासाठीच. विमाच नसेल तर मालकाच्या गळ्यात. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर वेगळ्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या योजनेतून २ लाख मिळू शकतात. पन्नास लाखांची सरकारी खिडकी नाही.

आता त्या दहापटीकडं येऊ, कारण माझं डोकं फिरतं ते तिथं. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणकांचा, म्हणजे वर्षाचं उत्पन्न किती पट धरायचं त्याचा, तक्ता ठरवून दिला आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायम ठेवला. पंचविशीपर्यंत १८, मग १७, १६, १५, १४, १३, ११, ९, ७ आणि पासष्टीपुढं ५. परत वाचा. १० हा आकडा त्यात नाहीच! दादा ३४ वर्षांचा, गुणक १६. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे. मागं बायको, दोन लेकरं आणि आई, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. वर्षाचे ३ लाख सिद्ध झाले तर ४ लाख २० हजार, त्यातून ३ लाख १५ हजार उरतात, गुणिले १६, म्हणजे ५० लाख ४० हजार. मेसेजच्या हिशोबानं? ३० लाख. म्हणजे हा 'हक्काचा' मेसेज विधवेला वीस लाख कमी मागायला शिकवतो. अर्थात दादाचीही चूक निघाली, तर तेवढा हिस्सा कापला जातो, हे मी वहिनीला आधीच सांगितलं.

रिटर्नचं म्हणाल तर, बरं, एवढं कबूल करतो: भरलेलं असेल तर उत्पन्न सिद्ध करायला त्याच्यासारखा कागद नाही. (माझ्याच धंद्याची जाहिरात झाली, चालायचंच.) पण नसलं म्हणून दावा बुडत नाही. २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाचंही उत्पन्न धरलं, तिनं कुठलं रिटर्न भरलं होतं? मेल्यावर घाईनं भरलेल्या रिटर्नवर मात्र समोरचा वकील तुटून पडतो. म्हणून वहिनीला मी नाही म्हटलं.

आणि मुदत? मेसेजमध्ये तिचं नावच नाही. एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटलंय खरं, पण तो अंतरिम आदेश. त्याच्या भरवशावर कुणी घरी बसू नये.

जखमी माणूस तर मेसेजमधून गायबच. पाय गेलेला ड्रायव्हर जिवंत असला तरी दावा करू शकतो, आणि त्याची कमाई किती बुडाली हे त्याचं काम बघून ठरतं, नुसत्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून नाही.

मेसेजच्या शेवटी कुणीतरी ओळ जोडली होती: "वकील आमचा, पैसे आल्यावर तीस टक्के." निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात, गिऱ्हाईक गोळा करायलाही. दवाखान्याच्या दारात वकीलपत्रावर सही मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

परभणीला मीच वहिनीला घेऊन गेलो. वकीलबाईंनी तोच छापील मेसेज उलटा करून कोऱ्या बाजूवर यादी लिहिली: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, वारसांचे आधार, दादाच्या धंद्याच्या वह्या, ट्रॅक्टरचा विमा. त्याखाली 'ट्रॉलीचा विमा वेगळा?' असं लिहून दोनदा रेघ ओढली.