सुताचं जालं, नायलॉनचं जालं

सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला : 'केमिकलच्या वस्तू टाळा, नैसर्गिक वापरा.' पाठवणाऱ्या काकांचा मॉर्निंग वॉकचा ट्रॅकसूट पॉलिएस्टरचा आहे, ते असो.

मी नवी मुंबईतल्या घणसोलीचा. आजोबा खाडीत मासे मारायचे. त्यांचं जाळं सुताचं. ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, मग पसरून वाळवायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. "वालवलं नाय तं कुजलंच समज," ते म्हणायचे. आजीची दुपार फाटलेलं सांधण्यात जायची. नायलॉन आलं आणि दोघांची निम्मी मेहनत संपली. आजीपुढे नायलॉनला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

बाबा ठाणे-बेलापूर रोडवर पेट्रोकेमिकल कंपनीत शिफ्टला होते. नायलॉन कुठून येतं ते त्यांनीच सांगितलं. क्रूड तेल तापवून वेगवेगळं केलं की पेट्रोलच्या आगेमागे नाफ्था नावाचं पातळ तेल निघतं. ते वाफेबरोबर भट्टीच्या नळ्यांतून नेतात, तापमान ८०० अंशांच्या आसपास. सेकंदभरही लागत नाही, मोठे रेणू तुटून इथिलीन, प्रोपिलीन, बेन्झिन मिळतं. इथिलीनचे रेणू माळेसारखे ओवले की पॉलिथिन. बेन्झिनपासून चार-पाच पायऱ्या चढून कॅप्रोलॅक्टम नावाचं रसायन, त्याची माळ ओवली की नायलॉन ६, नायलॉनचाच एक प्रकार. आणि मूळ क्रूड? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडलं गेलेलं सूक्ष्म शेवाळ आणि जीव. पॉलिएस्टरही त्याच तेलातून येतं, म्हणजे काकांचा ट्रॅकसूटही खानदानी नैसर्गिकच!

म्हणून मला 'नैसर्गिक की कृत्रिम' हा वादच फुकाचा वाटतो. वापरून झाल्यावर ती वस्तू परत कोण घेणार, ते बोला. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार होते. मला आजवर एकदाही मिळाले नाहीत. दंडाच्या पावतीची धास्ती मात्र भाजीवालीला. आणि जाळ्यांचं तर कुणी नावच काढत नाही. ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांनी जरा खाली, तिवरांच्या मुळांत बघावं. तुटक्या जाळ्यांचे गुंते दिसतील. त्यात चिंबोरी अडकून मरते, ती कुणाच्याच पोटात जात नाही. यात आम्हीही आहोत, फाटलेलं जाळं तिथेच टाकून येणारे आम्हीच.

गंमत म्हणजे नायलॉन ६ ची माळ उसवून पुन्हा कॅप्रोलॅक्टम करता येतं, जगात काही ठिकाणी जुन्या जाळ्यांचं ते करतातही. मग नवं जाळं विकणाऱ्याने जुनं वजनावर परत घ्यावं, एवढा नियम करायला काय हरकत आहे? कोळीवाड्यात गोळा करायला माणसं मिळतील, पैसे मिळाले तर.

हे मी गावात बोललो तेव्हा चुलत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि किलोचा भाव काय?" त्याच्या पडवीत जुन्या जाळ्यांच्या तीन गोणी पडून आहेत. गोणीही प्लास्टिकच्याच.