जरासा सैल कर!

चवथ तोंडावर आली की आमच्या फोंड्यातले शिंपी देवापेक्षा दुर्मीळ होतात. देव निदान दीड दिवस तरी घरी येतो. शिंपी ‘परवा या’ म्हणतो आणि त्याचा परवा दसऱ्याला उगवतो. म्हणून मखराच्या मागचा साटिनचा पडदा घरीच शिवायचं ठरलं. सासूबाईंचं काळं, पायाचं मशीन घरात होतंच. फक्त एप्रिलपासून त्याच्यावर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, मिरच्या नि सोलं मांडून ठेवली होती, ती हलवावी लागली.

पडदा म्हणजे काय, चारी बाजूंनी दुमड घालून सरळ शिवण. दोरा यांनी ओवून दिला, कारण घरात चष्मा नवा तो यांचाच. शिवण वरून अशी देखणी पडली की सासूबाईंनाही नाव ठेवायला जागा मिळेना. त्यांनी पडदा उलटा केला आणि ती मिळाली. खालून नुसती गुंतवळ! टाका कुठला, दोऱ्याचे भेंडोळेच्या भेंडोळे.

आता गुंता खाली दिसतो, म्हणजे दोष खालच्या दोऱ्याचा, असं कुणालाही वाटणार. मशीनचा न्याय मात्र उलटा असतो. वरचा दोरा सैल सुटला की खालचा त्याला ओढून खाली नेतो आणि पसारा खाली दिसतो. वरचा फार ताणला तर खालच्याचे ठिपके वर येतात. दोघांची गाठ कापडाच्या पोटात पडली पाहिजे, वरून दिसता कामा नये, खालूनही नाही. हा दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट इलायस हाव नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली घेतलं. त्याच्या आधी, १८३० मध्ये, तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्याने पेटंट घेतलेलं मशीन एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालायचं. पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भीतीने त्याची मशीनं मोडून टाकली. मला त्या शिंप्यांचा राग येतो. एका दोऱ्यावर भागत होतं तेव्हाच बिचाऱ्याला सुखाने धंदा करू दिला असता तर पुढचं काही झालं नसतं.

हे सगळं आमच्या घरात ऐकून कोण घेणार? यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. घरात काहीही बिघडलं की हे आधी स्क्रू ड्रायव्हर आणतात. एकदा ताप मोजायच्या वेळीसुद्धा हातात तोच होता. खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीच्या, म्हणजे बॉबिन केसच्या, अंगावर एक इवलासा स्क्रू असतो. तो फिरवायचाच झाला तर पाव फेऱ्याहूनही कमी. यांनी तो इतक्या उदार मनाने फिरवला की तो निघून लाद्यांवर पडला. मग घरातली सगळी माणसं मोबाईलचे दिवे लावून रांगू लागली. शेवटी फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवून तो सापडला. बॉबिन केस दोऱ्याला टांगून हलकेच झटका द्यावा, ती बोटभर खाली सरकून थांबली की ताण बरोबर, हे यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे दुपारभर हे दारात उभे राहून लटकणाऱ्या डबीला झटके देत होते. पोस्टमन पत्र न देताच मागे फिरला, तो बहुतेक त्यामुळेच.

वरचा ताण बदलायला समोर एक नट असतो. हल्लीच्या मशीनवर त्याला शून्य ते नऊ आकडे असतात आणि साध्या सुती कापडाला चारच्या आसपास ठेवला की भागतं. आमच्या नटावरचे आकडे सासूबाईंच्या तारुण्याबरोबरच पुसले गेले. त्यामुळे जो येईल तो ‘जरासा’ या मापात बोले. शेजारच्या काकी आल्या, “जरासा सैल कर गो!” म्हणत स्वतःच फिरवून गेल्या. भावोजी आले, “वहिनी, जरासा घट्ट हवा,” म्हणाले. पूजेची वेळ सांगायला आलेले भटजीसुद्धा सोवळं सांभाळत एक वळसा देऊन गेले. आता काकींचा जरासा हा भावोजींचा अर्धा फेरा असतो आणि भटजींच्या जराशाला तर काही मर्यादाच नाही. मध्येच लाईट गेली, पण मशीन पायाचं असल्यामुळे सल्ले थांबले नाहीत.

अखेर सासूबाईंनी वाड्यावरच्या मावशींना बोलावलं. त्यांनी उभा जन्म ब्लाउज शिवण्यात घालवला आहे. त्यांनी नटाकडे पाहिलंसुद्धा नाही. कापड दाबणारा पाय वर उचलला आणि सगळा दोरा उपसून काढला.

“पाय खाली ठेवून दोरा ओवला कोणी?”

हे खिडकीतून पाऊस बघू लागले.

पाय खाली असला की ताणाच्या दोन चकत्या मिटून बसतात आणि दोरा त्यांच्यात न शिरता वरूनच जातो. मग नट जन्मभर फिरवा, दोऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. मावशींनी पाय वर ठेवून चकत्यांमधून चिंधीची घडी फिरवली. सुतकट निघालं, आणि पुरुमेंताच्या मिरचीची लाल पूडही. मावशी शिंकल्या, सासूबाई शिंकल्या, पाठोपाठ सगळं घर. सोळा नंबरची सुई काढून साटिनसाठी अकराची घातली. वर लाल, खाली पांढरा दोरा लावून त्याच साटिनच्या दुहेरी तुकड्यावर शिवून बघितलं, म्हणजे कोण कुणाला ओढतो ते रंगावरून कळतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून फिरवलेला नट थोडा थोडा करून ठिकाणावर आणायला त्यांना चहाचे दोन कप लागले.

पडदा मात्र पटकन झाला. निघताना मावशी म्हणाल्या, “या नटाला पुन्हा कोणी हात लावला, तर मशीन नका पाठवू माझ्याकडे. हात लावणारा पाठवा.”

त्या पायऱ्या उतरल्या न उतरल्या तोच भावोजी आत आले. पडदा खालून-वरून तपासून म्हणाले, “बघितलंत वहिनी, मी काल घट्ट केला म्हणून जमलं! आता झालर लावताना मात्र जरासा सैल...”

मी झालर उचलली आणि मशीनवर बरण्या परत मांडायला घेतल्या.