हात धरू का, एवढंच विचारायचं होतं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अजून आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला येऊन अकरा वर्षं झाली, पण टाकी कधी धुणार, लिफ्ट कधी बंद राहणार, हे मला इथे बसून कळतं आणि कळावंसंही वाटतं. गेल्या महिन्यात तिथे तीन दिवस एकच विषय चालला होता: गच्चीच्या जिन्यात बसणारी जोडपी. बाहेरची कुणी नव्हेत, बिल्डिंगमधलीच मुलं, आम्ही ज्यांना कडेवर घेऊन फिरवलं ती. गच्चीला कुलूप लावा, कॅमेरा बसवा, आईवडिलांना बोलवा. २०२१ मध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीबाहेर रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ रंगवला होता, त्याचा फोटोही कुणीतरी टाकला, आपणही असं काही करू म्हणून.

मला फार वाईट वाटलं. या मुलांनी बसायचं कुठे? घरी दोन खोल्यांत पाच माणसं. तलावपाळीला दर दहा पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतं. उपवनला संध्याकाळी गर्दी, येऊरहून अंधार पडायच्या आत मागे फिरायचं. म्हणून जिना.

मग ग्रुपवर कायद्याचा विषय निघाला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६: सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अश्लील म्हणजे नेमकं काय, हे त्या कलमात लिहिलेलं नाही. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. त्याच तारखेला नेदरलँड्समध्येही लैंगिक गुन्ह्यांचा नवा कायदा अमलात आला. समोरच्याची इच्छा नाही हे दिसत असताना केलेला संबंध आता इथे बलात्कार ठरतो, मारहाण किंवा धमकी सिद्ध करावी लागत नाही. आपल्या संहितेत मात्र कलम ६३ खाली अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने ठेवलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलाच राहिला. मी हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि मला आमचा ग्रुप आठवला. जिन्यात हातात हात घेतला तर जाब विचारायला सगळी बिल्डिंग तयार आहे. दार लावल्यावर ‘तुला हवंय का’ असं एकमेकांना विचारावं, हे मात्र त्या मुलांना कुणी कधी सांगितलेलं नाही.

जोडपी कुठे बसतात यावर आपण इतकं बोलतो की ती एकमेकांशी बोलू शकतात का, हे बघायचं राहूनच जातं. मला त्याचीच काळजी वाटते.

माझी भाची ऐरोलीला आयटीत आहे, सव्वीस वर्षांची. स्थळ सांगून आलं, मुलगा नेरूळचा, दोघांना पसंत, साखरपुडा झाला. एका रात्री तिचा फोन आला. तिच्याकडे दीड वाजला होता. राम मारुती रोडवर खरेदी करून दोघं तलावपाळीला बसले होते. बोलता बोलता त्याने तिच्या कमरेभोवती हात टाकला. ती आखडली. त्याने हात काढून घेतला. मग दोघंही गप्प. तिला रिक्षात बसवून दिलं, आणि त्यानंतर चार दिवस फक्त ‘गुड मॉर्निंग’.

“मला तो नको होता असं नाही गं, आत्या. मला आवडतो तो. पण एकदम असं... आणि समोरून आईच्या भिशीतल्या काकू येत होत्या.”

“मग त्याला सांग ना हे.”

“कुठल्या शब्दांत सांगू?”

तिने मेसेज सात-आठ वेळा लिहून पुसला होता. मराठीत लिहिला की पुस्तकातला वाटतो, इंग्रजीत लिहिला की ऑफिसच्या मेलसारखा.

मराठीत हे बोलताच येत नाही, असं मी मानत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत आपल्या मासिकात कामजीवनाबद्दल, स्त्रीच्या इच्छेबद्दल मराठीतच लिहिलं आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. आपल्या घरांमध्ये ते कुणी तोंडावर आणलं नाही, म्हणून भाचीपर्यंत काही पोचलं नाही.

माझ्या मुलीला ते इथे पाचव्या वर्षी मिळालं. दर वसंतात प्राथमिक शाळांमध्ये एक आठवडा शरीर, मैत्री, प्रेम या विषयांसाठी ठेवतात. लहान वर्गात शिकवतात ते इतकंच: कुणाची मिठी आवडते, कुणाची नाही, आणि नको असेल तेव्हा हात पुढे करून ‘थांब’ कसं म्हणायचं. त्या सुट्टीत ठाण्याला आलो, तर एक मावशी तिचा गालगुच्चा घ्यायला वाकल्या. हिने हात आडवा धरला आणि म्हणाली, “आत्ता नको.” मावशी दुखावल्या. मी मुलीला रागावले, सगळ्यांसमोर पापी द्यायला लावली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आठवलं की अजून पोटात कालवतं.

पण इथलं सगळं उचलून न्यावं, असं मला वाटत नाही. आमच्या शेजारच्या बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरतील म्हणून मी त्यांचा दंड धरला, तर म्हणाल्या, महिन्यातून एकदा केस कापायला जाते तेव्हा कुणाचा तरी हात डोक्याला लागतो, तेवढाच. माझ्या आजीच्या वाट्याला असं कधी आलं नाही. कुणी डोक्याला तेल चोळायचं, कुणी पाय चेपायचं, आणि ती आमच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. आपल्याकडे माया हाताने करतात. फक्त नवरा-बायकोंचा हात त्यातून वगळलेला.

बाबांची बायपास झाली तेव्हा हे मला अगदी जवळून दिसलं. आई-बाबांच्या लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. आयसीयूत आई खाटेशी उभी होती, चादरीची कड सरळ करत होती, झाली की पुन्हा करत होती. मी तिचा हात उचलून बाबांच्या हातावर ठेवला. “अगं, सगळे बघतायत,” ती पुटपुटली. पण हात काढला नाही, भेटीची वेळ संपेपर्यंत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेम्स कोन यांच्या गटाचा २००६ चा एक प्रयोग मी नंतर वाचला. सोळा विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये झोपवून, विजेचा झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमतं त्यांची जास्त. बाबांच्या बोटांनी आईची बोटं घट्ट धरली होती, ती मी पाहिली आहेत.

ग्रुपवर शेवटी मी लिहिलं की कुलूप लावू नका, आणि आईवडिलांना बोलवायचंच असेल तर मुलांशी याबद्दल बोला एवढं सांगायला बोलवा. दोघींनी मला वेगळा मेसेज करून ‘बरं केलंस’ म्हटलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही.

भाचीला मी कुठलेही शब्द शिकवले नाहीत. म्हटलं, मला जे सांगितलंस तेच त्याला सांग, भिशीतल्या काकूंसकट. रविवारी दोघं वाशीला सागर विहारला भेटले. तिने सांगितलं. तो बराच वेळ खाडीकडे बघत बसला आणि म्हणाला, “मला विचारायचंच होतं गं. पण ‘हात धरू का’ म्हटलं तर तू हसशील असं वाटलं.”

मग वाशी स्टेशनवर, ठाण्याची गाडी लागलेली असताना, त्याने विचारलं.

“मी हो म्हणाले, आत्या,” ती म्हणाली. “आणि ती गाडी सोडून दिली.”